अळंबीने कर्करोग बरा होतो का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. महाविद्यालयातील तास संपवून मी प्रयोगशाळेकडे निघालो होतो. एवढ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी समोर आला. एरवी पुढच्या बाकावर बसणारा हा मुलगा पंधरा दिवस वर्गात दिसला नव्हता. त्याने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. डब्यात तपकिरी पूड होती आणि वर अळंबीचे रंगीत चित्र. चित्राखाली छापले होते : ‘कर्करोगाच्या पेशी नष्ट करते. प्रयोगशाळेत सिद्ध.’

“सर, आईला जठराचा कर्करोग झालाय. ऑपरेशन झालं. आता डॉक्टर सलाईनमधून औषधं सुरू करणार आहेत. मामा म्हणतो, त्यानं केस जातात, उलट्या होतात. त्यापेक्षा हे नैसर्गिक आहे, हेच देऊ या. सहा हजारांचा डबा आणलाय त्यानं. सर, डब्यावर लिहिलंय ते खोटं आहे का?”

विद्यार्थी मित्रहो, मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. वैद्यकाचे मला ज्ञान नाही. मी त्याला एवढेच म्हणालो, “डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. डबा फोडू नका. आणि मला रविवारपर्यंत वेळ दे.” मग मी ग्रंथालयात बसलो, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्रांना विचारले, मूळ शोधनिबंध मिळवून वाचले. त्यातून जे कळले ते मोठे मजेदार होते. डब्यावरचे वाक्य सर्वस्वी खोटे नव्हते. तरीही त्या मुलाच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते! हे कसे, ते आज पाहू.

काचबशीतील मरण

अळंबी तुम्ही पाहिलेली आहे. पावसाळ्यात वारुळांवर, कुजक्या ओंडक्यांवर एका रात्रीत उगवणाऱ्या या छत्र्या म्हणजे कवकांची, म्हणजे बुरशीच्या जातभाईंची फळे होत. खरा कवक जमिनीत किंवा लाकडात बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेला असतो. त्याला पळता येत नाही. जंतू, किडे आणि इतर कवक यांच्याशी झगडण्यासाठी तो तऱ्हेतऱ्हेची रसायने तयार करतो. पेनिसिलिन हे अशाच एका बुरशीचे रसायन होते. तेव्हा अळंबीत औषधी द्रव्ये शोधणे यात वेडेपणा काहीच नाही.

हा शोध बहुधा काचबशीत सुरू होतो. कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात वाढवता येतात. दहा बशा घ्यायच्या; पाचांत अळंबीचा अर्क घालायचा, पाचांत नुसते पाणी. दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी मोजायच्या. अर्क घातलेल्या बशांत पेशी कमी उरल्या, तर ‘पेशी नष्ट झाल्या’ हे विधान खरे ठरते.

पण थोडा विचार करा. साबणाचे पाणी घातले तरी त्या पेशी मरतील. मिठाचे दाट पाणी घातले तरी मरतील. म्हणून आपण कर्करोग झालेल्या माणसाला साबणाचे पाणी पाजत नाही. पेशी मारणे सोपे आहे. शेजारच्या निरोगी पेशी न मारता, शरीराच्या आत, नेमक्या ठिकाणी त्या मारणे कठीण आहे.

आता थोडे गणित करू. समजा, बशीतील दर मिलिलिटर द्रवात अर्धा मिलिग्रॅम अर्क मिसळल्यावर निम्म्या पेशी मेल्या. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ४० लिटर, म्हणजे ४०,००० मिलिलिटर पाणी असते. तेवढीच तीव्रता तेथे साधायची तर ४०,००० × ०.५ = २०,००० मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम अर्क एकाच वेळी सर्व शरीरात विरघळलेला असायला हवा! शिवाय तो आतड्यातून न बदलता रक्तात उतरला पाहिजे, यकृताने त्याचे तुकडे करता कामा नयेत आणि मूत्रपिंडांनी तो बाहेर टाकता कामा नये. चमचाभर पुडीकडून ही अपेक्षा करणे किती कठीण आहे ते तुम्हीच ठरवा.

एक खरे उदाहरण देतो. अळ्यांवर आणि कोषांवर वाढणारा ‘कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस’ नावाचा एक नारिंगी कवक आहे. त्यापासून १९५० साली कॉर्डिसेपिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. आपल्या पेशींत अ‍ॅडेनोसीन नावाचा रेणू असतो. त्यासारखे अनेक रेणू एकापुढे एक जोडून पेशी आर.एन.ए.ची लांब साखळी तयार करते. कॉर्डिसेपिन दिसायला हुबेहूब अ‍ॅडेनोसीनसारखे, फक्त तिसऱ्या कार्बनवरचा एक ऑक्सिजन अणू त्यात नाही. आगगाडीच्या डब्याला मागचा आकडा नसेल तर काय होईल? तो डबा गाडीला जोडता येईल, पण त्याच्यामागे दुसरा डबा लागणार नाही. तशीच ही साखळी तेथेच तुटते आणि पेशीचे काम अडते. काचबशीत हे छान घडते. शरीरात मात्र एक विकर वाटेतच उभे असते. ते काही मिनिटांत कॉर्डिसेपिनचे रूप पालटून त्याला निकामी करते. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एका औषध कंपनीबरोबर काम करून या रेणूला एक रासायनिक कवच चढवले, आणि त्या नव्या रेणूच्या माणसांवरील पहिल्या चाचणीची माहिती २०२१ साली प्रसिद्ध केली. १९५० ते २०२१. मूळ द्रव्य वेगळे केल्यापासून या नव्या रेणूच्या चाचणीची माहिती येईपर्यंत एवढा काळ गेला!

टोकियोतील उंदीर

काचबशीनंतरची पायरी उंदराची. येथे आपल्याला जपानमध्ये जावे लागेल, कारण अळंबी आणि कर्करोग यांचा सर्वांत कसून अभ्यास त्या देशात झाला.

जपानी लोकांच्या रोजच्या जेवणात ‘शिताके’ नावाची अळंबी असते. ओकसारख्या झाडांच्या ओंडक्यांना भोके पाडून त्यांत तिचे बीज भरतात. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात तेत्सुरो इकेकावा, गोरो चिहारा आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांनी खाण्याच्या अनेक अळंब्यांचा गरम पाण्यात अर्क काढला. उंदरांच्या कातडीखाली ‘सार्कोमा १८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाठीच्या पेशी टोचल्या. काही उंदरांना अर्क दिला, काहींना दिला नाही. काही आठवड्यांनी गाठी काढून त्यांचे वजन केले.

अशा प्रयोगात परिणाम कसा मोजतात ते पाहा. अर्क न दिलेल्या उंदरांच्या गाठींचे सरासरी वजन १० ग्रॅम भरले आणि अर्क दिलेल्यांचे २ ग्रॅम, तर वाढ ८० टक्क्यांनी रोखली गेली असे म्हणतात. शिताकेच्या अर्काने साधारण एवढाच, म्हणजे ८० टक्क्यांच्या घरातला परिणाम दाखवला! अर्क न दिलेले उंदीर नसते तर हा आकडा काढताच आला नसता, हेही लक्षात ठेवा. तुलनेसाठी ठेवलेला गट हा साऱ्या प्रयोगाचा कणा होय.

मग चिहारा यांच्या गटाने अर्कातील नेमके द्रव्य शुद्ध केले. शिताकेच्या तेव्हाच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे ‘लेंटिनस’वरून, त्याला ‘लेंटिनन’ असे नाव दिले. उंदराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे फक्त १ मिलिग्रॅम या हिशेबाने दहा दिवस ते टोचले की बहुतेक उंदरांच्या गाठी जवळजवळ नाहीशा होत. हा निबंध १९६९ साली ‘नेचर’ या प्रख्यात साप्ताहिकात छापून आला.

शत्रूला हात न लावणारे औषध

आता खरी गंमत पुढे आहे. हेच लेंटिनन काचबशीतल्या कर्कपेशींवर घातले तर काय होईल? तुम्ही म्हणाल, त्या पटापट मरतील. प्रत्यक्षात त्यांना काहीच होत नाही! उंदरात गाठ नाहीशी करणारे द्रव्य बशीत पेशीच्या केसालाही धक्का लावत नाही. म्हणजे ज्या डब्यावर ‘पेशी नष्ट करते’ असे लिहिले होते, त्यावर लेंटिननच्या बाबतीत तरी हे वाक्य लिहिता आले नसते. आणि केवळ काचबशीवर विसंबून शोध घेतला असता, तर लेंटिनन सापडलेच नसते.

मग गाठ नाहीशी केली कोणी? या प्रश्नाचा छडा एका साध्या प्रयोगाने लागला. आपल्या छातीत, उरोस्थीच्या मागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीराच्या रक्षक पेशींपैकी ‘टी’ जातीच्या पेशी या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. त्यांचे नावच थायमसच्या आद्याक्षरावरून पडले आहे. संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली. मोठे झाल्यावर त्यांना गाठ टोचली आणि लेंटिनन दिले. या वेळी लेंटिननचा काही उपयोग झाला नाही. गाठी वाढतच राहिल्या. चिहारा यांच्या गटाने हे १९७१ साली जाहीर केले.

याचा अर्थ सरळ आहे. लेंटिनन स्वतः लढत नाही; ते उंदराच्या शरीरातील पहारेकऱ्यांना जागे करते आणि लढाई ते पहारेकरी करतात. पहारेकरीच नसतील तर हाळी कोणाला देणार?

याला जोडून आणखी एक नवल आढळले. मात्रा खूप वाढवली की परिणाम वाढण्याऐवजी नाहीसा होतो. ‘थोड्याने बरे वाटते तर दुप्पट घेऊ’ हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब येथे साफ चुकतो.

बटाटा, कापूस आणि अळंबी

हा पहारेकऱ्यांना जागे करणारा रेणू आहे तरी कसा? रसायनशास्त्राच्या मित्राने मला तो समजावला तेव्हा मी चकितच झालो. तो केवळ ग्लुकोजचा बनलेला आहे! तुमच्या रक्तात असते, सलाईनमधून देतात, तेच ग्लुकोज.

बटाट्यातील स्टार्च म्हणजेही ग्लुकोजची साखळी. कापसातील सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजची साखळी. तरी बटाटा आपण पचवतो, कापूस पचवू शकत नाही. फरक आहे तो कड्या जोडण्याच्या पद्धतीत. ग्लुकोजच्या रेणूतील सहा कार्बन अणूंना १ ते ६ असे क्रमांक देतात. स्टार्चमध्ये आणि सेल्युलोजमध्ये एका कडीचा पहिला कार्बन पुढच्या कडीच्या चौथ्या कार्बनला जोडलेला असतो. मात्र स्टार्चमधील दुव्याची दिशा निराळी आणि सेल्युलोजमधील निराळी. पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणतात. आपल्या आतड्यातील विकरे अल्फा दुवा तोडू शकतात, बीटा तोडू शकत नाहीत. लेंटिननमध्ये दुवा बीटा असतो, आणि पहिला कार्बन पुढच्या कडीच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेला असतो. मुख्य साखळीच्या दर पाच कड्यांमागे दोन आखूड फांद्या सहाव्या कार्बनवर लोंबतात. अशा साखळ्यांना बीटा-ग्लुकान म्हणतात.

एवढ्यावर संपत नाही. १९७७ साली लेंटिननच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या विवर्तनाचा अभ्यास करण्यात आला. या किरणांच्या ठिपक्यांवरून रेणूची घडण ओळखण्याची विद्या भौतिकशास्त्राची, म्हणून येथे माझी कॉलर थोडी ताठ झाली! त्यातून असे दिसले की तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, जसा तीन पदरी दोर. हा पीळ रासायनिक उपायांनी उलगडला तर लेंटिननचा गाठीवरचा परिणामही उतरतो, असे इतर प्रयोगांत दिसून आले. म्हणजे घटक तेच, जोडणी तीच, पण आकार मोडला की गुण गेला.

आकाराला एवढे महत्त्व का? माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरात बीटा-ग्लुकान कोठेही तयार होत नाही. कवकांच्या पेशीभित्तीत मात्र ते भरपूर असते. त्यामुळे शरीराच्या दृष्टीने बीटा-ग्लुकान म्हणजे परक्या बुरशीचे पाऊल. आपल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर हे पाऊल ओळखणारा एक प्रथिन-रेणू असतो. ‘डेक्टिन-१’ नावाच्या त्या रेणूचे हे काम ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ साली दाखवून दिले. बीटा-ग्लुकान त्यावर चिकटले की भक्षक पेशी खडबडून जाग्या होतात आणि इतर रक्षक पेशींना बोलावतात. गावात चोर शिरल्याची हाळी झाली की गस्तवाले कंदील घेऊन बाहेर पडतात; मग आधीपासून लपून बसलेला दुसराच चोर त्यांच्या हाती लागावा, तसे हे.

करून पाहा : बटाट्याची चकती आणि बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटन अळंबीची चकती शेजारी ठेवा. दोन्हींवर आयोडीनच्या द्रावणाचा एकेक थेंब टाका. बटाटा निळा-काळा होईल, कारण त्यात स्टार्च आहे. अळंबी निळी होणार नाही. आयोडीनचाच तपकिरी डाग उरेल. ग्लुकोजच्याच कड्या, पण जोडणी वेगळी. (रानातली अळंबी या प्रयोगासाठीही गोळा करू नका. विषारी आणि बिनविषारी जाती ओळखणे जाणत्यांनाही कठीण जाते.)

उंदरावरून माणसाकडे

८० टक्के गाठ रोखली गेली, मग लगेच माणसांना द्यायला काय हरकत होती? हरकत होती, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

सार्कोमा १८० ही गाठ १९१४ साली न्यूयॉर्कमधील एका प्रयोगशाळेत एका उंदराला झाली होती. त्या उंदराच्या पेशी तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इतर उंदरांत टोचून जिवंत ठेवल्या आहेत. म्हणजे प्रयोगातल्या उंदराच्या दृष्टीने ही गाठ मुळातच परक्याची आहे. परक्याचे कातडे आपल्या अंगावर लावले तर शरीर ते नाकारते, तसा तिला नाकारण्याकडे शरीराचा आधीच कल असतो. तेथे पहारेकऱ्यांना थोडी हाळी दिली की काम भागते. माणसाचा कर्करोग मात्र त्याच्या स्वतःच्याच पेशींतून निपजतो. तो घरचाच चोर. पहारेकरी त्याला ओळखतच नाहीत. उंदराची परीक्षा सोपी होती. माणसाची फार अवघड आहे.

म्हणून तिसरी पायरी, प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचणी, टाळता येत नाही. तिचा नियम असा : एकाच प्रकारच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार द्यायचेच. एका गटाला त्याशिवाय नवे औषध द्यायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. चिठ्ठ्या का? डॉक्टरांनी निवड केली तर नकळत धडधाकट रुग्ण एका बाजूला जाण्याचा संभव असतो.

जपानमध्ये दोन औषधे या पायरीपर्यंत पोचली. एक लेंटिनन. दुसरे क्रेस्टिन. ते ‘कावाराताके’, म्हणजे कौल-अळंबी, या ओंडक्यांवर कौलांसारखे थर रचणाऱ्या कवकापासून काढत. क्रेस्टिनला १९७७ साली आणि लेंटिननला १९८५ साली जपान सरकारची मान्यता मिळाली. क्रेस्टिन तोंडाने घ्यायचे. लेंटिनन शिरेत टोचायचे, आठवड्याला अवघे २ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याच्या सुमारे दहाव्या भागाइतके! १९८०च्या दशकात क्रेस्टिन हे जपानमधील सर्वाधिक खपाच्या कर्करोगविरोधी औषधांपैकी एक होते. पण एकट्याने ते पुरेसे नाही असे दिसल्यावर १९८९ साली सरकारने त्याचा वापर इतर कर्करोगविरोधी औषधांच्या जोडीनेच करावा अशी मर्यादा घातली.

अशा जोडीने काय साधते? १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका जपानी चाचणीचे निष्कर्ष आले. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण त्यात होते. साऱ्यांना नेहमीची औषधे दिली. एका गटाला त्याबरोबर क्रेस्टिन दिले. पाच वर्षांनी नुसती औषधे घेतलेल्यांपैकी ६० टक्के, तर क्रेस्टिनची जोड मिळालेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण हयात होते. शंभरांत तेरा माणसे अधिक! हा आकडा लहान नाही. पण तो ‘औषधांच्या ऐवजी’ घेतल्याचा नाही, ‘औषधांबरोबर’ घेतल्याचा आहे. त्या चाचणीत औषधे सोडून नुसती अळंबी घेणारा एकही गट नव्हता.

लेंटिननची कथा निराळी झाली. लहान लहान चाचण्यांत त्याचा फायदा दिसला होता. नंतर नव्या औषधाच्या जोडीने, जठराचा कर्करोग पसरलेल्या तीनशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. लेंटिननमुळे आयुष्य वाढल्याचे त्यात दिसले नाही. २०१७-१८च्या सुमारास क्रेस्टिन आणि लेंटिनन ही दोन्ही औषधे जपानच्या बाजारातून गेली.

तर मग चिहारांचे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. शत्रूवर थेट विष फेकण्याऐवजी शरीराच्या पहारेकऱ्यांना कामाला लावावे, ही कल्पना बरोबरच होती. हत्यार दुबळे होते. त्याच जपानात क्योटो येथे तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ साली ‘पीडी-१’ नावाचा एक रेणू शोधला. टी पेशींच्या अंगावरचा हा जणू ब्रेक आहे. कर्कपेशी तो दाबून पहारेकऱ्यांना थोपवून धरतात. हा ब्रेक सोडवणारी औषधे आता अनेक कर्करोगांवर वापरतात. २०१७ साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगासाठीही त्यांपैकी एकाला मान्यता मिळाली. २०१८ साली होंजो यांना अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. अळंबीने हाळी दिली होती. ब्रेक कोठे आहे ते नंतर कळले.

रविवारी

ठरल्याप्रमाणे मी रविवारी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याची आई खाटेवर बसली होती. मामा खुर्चीत. मी त्यांना काचबशी, उंदीर आणि माणूस या तीन पायऱ्या सांगितल्या. म्हणालो, “डब्यावरचं वाक्य पहिल्या पायरीचं आहे. ताईंना हवंय ते तिसऱ्या पायरीचं उत्तर. आणि तिसऱ्या पायरीवर जी अळंबीची औषधं पोचली, तीसुद्धा डॉक्टरांच्या औषधांना जोड म्हणून. त्यांच्या जागी नव्हे. या डब्यात तर कोणतं द्रव्य किती आहे, तेही लिहिलेलं नाही.”

मामा वाईट माणूस नव्हता. बहिणीचे हाल पाहवत नव्हते म्हणून त्याने कर्ज काढून तो डबा आणला होता. तो म्हणाला, “पण सर, नैसर्गिक आहे ना? अपाय तर नाही होणार?”

दारातच सदाफुलीचे झुडूप होते. मी ते दाखवले. या सदाफुलीपासून काढलेले व्हिनक्रिस्टीन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर गेली साठ वर्षे वापरले जात आहे. तेही नैसर्गिकच. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात आणि त्यानेही केस गळतात. सदाफुलीची पाने कोणी चावून खाल्ली तर विषबाधा होईल. शिताकेचेच पाहा. ती नीट न शिजवता खाल्ली तर काही जणांच्या अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात, आणि त्याचे कारण लेंटिननच असावे असे मानतात. चांगली शिजवलेली, बाजारात मिळणारी अळंबी भाजी म्हणून खुशाल खावी. पण भाजी आणि औषध या दोन गोष्टी वेगळ्या. निसर्गाला आपल्याशी ना प्रेम, ना वैर. औषध आणि विष यांतला फरक मात्रेने पडतो, आणि मात्रा मोजावी लागते.

“डबा डॉक्टरांना दाखवा,” मी म्हणालो, “लपवून काही देऊ नका.” त्यांनी दाखवला. उपचार चालू असताना ही पूड मुळीच घेऊ नये, यकृतावर ताण पडला तर तो औषधाने की पुडीने हे कळणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मला सुचले नव्हते. एका वेळी एकच राशी बदलावी, हा आम्ही प्रयोगशाळेत रोज घोकत असलेला नियम रुग्णाच्या खाटेपाशीही लागू होतो!

त्या बाईंचे उपचार ठरल्या तारखांना सुरू झाले आणि पुरे झाले. केस गेले, उलट्याही झाल्या. आता केस पुन्हा येत आहेत. पुढे काय होईल ते पाच वर्षांनी कळेल. त्याआधी कोणी छातीठोकपणे सांगू नये, मीही सांगणार नाही. मुलगा वर्गात परत पुढच्या बाकावर बसतो.

डबा मात्र त्याने मला देऊन टाकला. तो माझ्या टेबलावर आहे. पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्यांना मी तो दाखवतो आणि त्यावरचे वाक्य वाचायला सांगतो. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहितो : ‘प्रयोग कशावर केला? बशीतल्या पेशींवर, उंदरावर की माणसावर? मात्रा किती होती? आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का?’ शिक्षक बंधुभगिनींनी हा खेळ वर्गात जरूर करून पाहावा. डबा लागत नाही. वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात पुरते.